मुळशीचं पाणी जातं तिथपर्यंत: पुण्यातून खाडीवरच्या उन्हाळी इंटर्नशिपला निघताना

पुण्यात पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराला मिळतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा आणि मग आंध्रचा किनारा. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे, पण आपल्या नद्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली.

याला अपवादही आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या मुळशीचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. १९२७ पासून ते तिथून कुंडलिका नदीत जातं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिल-मेमध्ये आटतात, पण कुंडलिकेत तेव्हाही गोडं पाणी वाहतं. कोलाडचं राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावरच चालतं. कोयनेचं पाणीही असंच पोफळीहून वाशिष्ठीत आणि पुढे दाभोळच्या खाडीत जातं.

हे आधी सांगायचं कारण असं. 'पुण्यात राहून खाडीवर काय संशोधन करणार?' असं विचारणारी मुलं दरवर्षी भेटतात, आणि ज्या खाडीत त्यांच्याच जिल्ह्यातलं पाणी जातं तिचं नावही त्यांना ठाऊक नसतं. बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला, एमएस्सीला किंवा स्थापत्य अभियांत्रिकीला असाल आणि येत्या उन्हाळ्यात खाडीवर काम करायची इच्छा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी प्रश्न, मग संस्था

बहुतेक जण उलटं करतात. संस्थांची यादी काढतात आणि पन्नास ठिकाणी एकच अर्ज पाठवतात. 'मला सागरी जीवशास्त्राची आवड आहे' एवढ्यावर तुम्हाला नेमकं कोणतं काम द्यावं, हे कुणाला ठरवता येत नाही.

त्यापेक्षा एक लहान प्रश्न तयार करा. 'खाडीतलं प्रदूषण' हा प्रश्न नाही, तो विषय झाला. प्रश्न असा असतो: वीजघरातून पाणी सुटतं त्या दिवशी आणि सुटत नाही त्या दिवशी, कुंडलिकेच्या खाडीच्या वरच्या टोकाला क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, किती बदलते? किंवा, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारभूमी बंधाऱ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या चिखलात खेकड्यांची बिळं सारखीच असतात का? सहा आठवड्यांत, दोन माणसांना, एका होडीत बसून उत्तर काढता येईल एवढाच प्रश्न घ्या.

वाचायला बसलात की एक अडचण येईल. मराठीत आपण सगळ्यालाच खाडी म्हणतो, पण इंग्रजी शोधनिबंधांत दोन शब्द येतात: एश्चुअरी आणि क्रीक. नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं ती एश्चुअरी. क्रीकमध्ये नदीचं पाणी थोडंच येतं आणि मुख्य कारभार भरती-ओहोटीचा असतो. ठाण्याची खाडी याचं जवळचं उदाहरण. शोधताना दोन्ही शब्द वापरा, नाहीतर निम्मं साहित्य हाती लागणार नाही. गोव्याच्या मांडवी-झुआरीवर भरपूर लिहिलं गेलंय, तिथून सुरुवात करा. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खाडी कशी धुऊन काढतो आणि उन्हाळ्यात खारं पाणी किती आत शिरतं, हे त्या अभ्यासांतून चांगलं कळतं.

वेळापत्रक: उन्हाळा ऑक्टोबरात सुरू होतो

बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे असतात. मार्चमध्ये जाग आली तर ही संधी गेलेली असते. नेमकी तारीख दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

शास्त्रज्ञांना थेट पत्र लिहायचं तर डिसेंबर-जानेवारी बरा. होकार आला की महाविद्यालयाचं शिफारसपत्र, ना-हरकत, आणि हवी असेल तर वनखात्याची परवानगी, यांत फेब्रुवारी-मार्च जातो.

आणि शेवटची तारीख निसर्गाची. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस लागतो. त्यानंतर होडी मिळणं अवघड आणि खाडीत उतरणं धोक्याचं. विद्यापीठाची परीक्षा लांबली तर हातात मेचे तीनच आठवडे उरतात. म्हणून मोजमाप मेमध्ये, प्रयोगशाळा आणि लेखन जूनमध्ये, अशीच आखणी करा. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक आहेत. हेच काम त्यात धरता येईल का, ते विभागप्रमुखांना निघण्याआधी विचारा. परत आल्यावर विचारलं की अडतं.

कुठे विचारायचं

पुण्यातूनच सुरुवात करा. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून पाण्याच्या वागण्याचा अभ्यास करतंय. बंदरं आणि खाड्यांच्या प्रतिकृती बांधून भरती-ओहोटी कशी चालते, गाळ कुठे बसतो हे तिथे तपासलं जातं. स्थापत्य आणि भौतिकशास्त्राच्या मुलांनी ही जागा डोळ्यांआड करू नये. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत अरबी समुद्राच्या तापण्यावर काम होतं. आघारकर संशोधन संस्थेत डायटम या सूक्ष्म शैवालांवर काम चालतं, आणि खाडीच्या चिखलावर जो सोनेरी-तपकिरी थर दिसतो तो मुख्यतः त्यांचाच. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण आणि कोरेगाव पार्कजवळ वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, नमुने ओळखायला शिकण्यासाठी दोन्ही उत्तम. पावसाची जुनी आकडेवारी हवी असेल तर शिवाजीनगरच्या वेधशाळेत हवामान खात्याचं राष्ट्रीय विदा केंद्र आहेच.

पुण्याबाहेर पहिलं नाव गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं. ती १९६६ ची, आणि तिचं एक विभागीय केंद्र मुंबईतही आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि चेन्नईचं राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्र यांचाही विचार करा. संवर्धनाच्या बाजूने जायचं असेल तर राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि त्याचं प्रतिष्ठान, किंवा ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांवर काम करणारी बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, त्यामुळे तिथे अभ्यासाची परंपरा तयार झालेली आहे.

परदेशाचंही विचारतात, म्हणून सांगते. अमेरिकेत खाड्यांच्या राखीव संशोधन क्षेत्रांचं मोठं जाळं आहे आणि तिथल्या उन्हाळी योजना फार आकर्षक दिसतात. पण त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशांवर चालणारी पदवी विद्यार्थ्यांची 'आरईयू' योजना तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच आहे. पात्रतेची ओळ सगळ्यात आधी वाचा. या एका ओळीपायी मुलांचे आठवडे फुकट गेलेले मी पाहिलेत.

प्रमाणपत्र देतो म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या 'इंटर्नशिप'पासून लांब राहा. राहण्या-जेवणाचा खर्च तुमच्याकडे असणं समजण्यासारखं आहे. पण हजारो रुपये भरून आठ दिवस समुद्रकिनारी व्याख्यानं ऐकायची, ही सहल झाली. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असे पैसे भरले. परत आली तेव्हा तिच्या वहीत स्वतः घेतलेलं एकही मोजमाप नव्हतं. तिला त्याचं जे वाईट वाटलं, ते मला अजून आठवतं.

पत्र

पत्र इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत लिहून पाहा. मनात काय आहे ते स्पष्ट होतं. साधारण असं:

'आदरणीय मॅडम, मी पुण्यात एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. खाडीतल्या तळजीवांवरचा, म्हणजे तळाच्या चिखलात राहणाऱ्या लहान जीवांवरचा, तुमचा शोधनिबंध वाचला. त्यातले नमुने पावसाळ्यानंतरचे आहेत. कुंडलिकेत उन्हाळ्यातही वीजघराचं गोडं पाणी येतं, तेव्हा तिथले तळजीव इतर खाड्यांपेक्षा वेगळे असतील का, असा मला प्रश्न पडला. ५ मे ते २० जून मी पूर्ण वेळ येऊ शकते. विरघळलेल्या प्राणवायूचं टायट्रेशन आणि नकाशे काढायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर मला येतं. तळजीव ओळखता येत नाहीत, ते शिकायचं आहे. पोहायला सध्या शिकते आहे. तुमच्या चालू कामात मदत करून यातला छोटा भाग मला पाहता येईल का?'

एवढंच. सोबत एका पानाची माहिती आणि गुणपत्रक. काय येत नाही ते लिहायला घाबरू नका, त्यावरून समोरच्याला तुमची जबाबदारी किती घ्यावी लागेल ते कळतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्र आठवण करा. मग पुढच्या नावाकडे वळा. होकार आला तर विद्यावेतन, राहणं, प्रवास आणि होडीचं भाडं कोण देणार, हे पहिल्याच बोलण्यात विचारा. संकोच वाटतो, पण विचारा.

पुण्यात बसून करायचा सराव

समुद्र नसला तरी पुण्यात पाणी आहे. संगमावर किंवा पाषाण तलावावर जाऊन विरघळलेला प्राणवायू मोजा. विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही भरवशाची. बाटली भरताना हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा बिघडतो. ही सवय होडीत बसून लागत नाही, घरीच लावून घ्यावी लागते. सेची डिस्क, म्हणजे पाणी किती गढूळ आहे ते पाहायची काळी-पांढरी चकती, जुन्या प्लॅस्टिकच्या झाकणापासून घरी बनते. दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. तुमच्या खाडीची मे आणि ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवा. कांदळवन कुठे आहे, बंधारे कुठे आहेत, होडी कुठे लागू शकते, हे निघण्यापूर्वीच कळतं.

कांदळवनातली पाच-सहा झाडं ओळखायला शिका. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. कांदळाला कमानीसारखी आधारमुळं असतात. चिपीची श्वासमुळं जाड आणि निमुळती. त्यातली पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. हुऱ्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

भरती-ओहोटी: इथे थांबून वाचा

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी खाडीच्या मुखापासून वर पंधरा किलोमीटरपर्यंत आठ ठिकाणी क्षारता मोजली. सकाळी नऊला मुखाशी सुरुवात केली, काठाकाठाने रिक्षाने वर गेले आणि दुपारी तीनला शेवटचा नमुना घेतला. आलेख काढला तर रेषा जवळजवळ सपाट. समुद्राजवळ आणि आत दूरवर खारेपणा सारखाच! मी खूश झाले, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. मार्गदर्शक मॅडमनी त्या दिवशीचं भरतीचं वेळापत्रक काढून शेजारी ठेवलं. नऊला ओहोटी होती, तीनला पूर्ण भरती. म्हणजे मुखाशी मी आतून वाहत आलेलं सौम्य पाणी मोजलं होतं, आणि वर समुद्राकडून चढलेलं खारं. त्या आलेखात खाडी नव्हती, घड्याळ होतं. सगळं पुन्हा केलं.

म्हणून नियम असा: तुलना करायची तर सगळी ठिकाणं भरतीच्या एकाच टप्प्यावर मोजा. एका दिवसात जमत नसेल तर दिवस वाढवा, नाहीतर ठिकाणं कमी करा. पाण्याबरोबर वर सरकत जाण्याचीही पद्धत आहे, कारण भरती खाडीत जसजशी आत जाते तसतशी तिला उशीर होतो. आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्यांत साधारण सव्वाबारा ते साडेबारा तास जातात, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तासाहून थोडी उशिरा येते.

कोळी लोक हे पंचांगावरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान. नेमके आकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती तक्त्यातूनच घ्या, पण हा हिशोब तोंडपाठ असू द्या. त्यातून कामाचं नियोजनही होतं. उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि ऊनही कमी असतं. तळजीवांसाठी हे दिवस राखून ठेवा. भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते, आणि पाणी फारसं उतरतही नाही.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि पाणी चढतंय की उतरतंय, या चार गोष्टी हव्यातच. लेबल पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहा आणि नमुन्याच्या डब्यात आत टाका. बाटलीवर बॉलपेनने लिहिलेलं बर्फाच्या पाण्यात पुसलं जातं. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य रोज सकाळी डिस्टिल्ड पाण्याने तपासा. समुद्राचं पाणी साधारण ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार) दाखवतं. मेमध्ये मुखाशी १२ आलं तर आधी उपकरणावर संशय घ्या. वरचं आणि तळाचं पाणी वेगळं मोजा, कारण जड खारं पाणी तळाने पाचरीसारखं आत सरकतं आणि वरच्या पाण्यात त्याचा पत्ताही लागत नाही.

चिखल, ऊन आणि परवानगी

एकट्याने कधीच उतरू नका. पाणी उतरत असताना आत जा आणि ते वळायच्या आधी बाहेर या. गमबूट चिखलात रुतून बसतात, अनवाणी गेलात तर कालवांच्या शिंपा पाय कापतात. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधून, हे सगळ्यात बरं. पाय अडकला तर जोर लावून ओढू नका. मागे रेलून अंगाचा भार पसरा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घ्या. होडीत जीवरक्षक जाकीट घातलेलं हवं, खाली ठेवलेलं नव्हे. मेमधल्या कोकणातल्या दमटपणाची पुण्याच्या मुलांना कल्पना नसते. माणशी तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएस न्या.

मुलींसाठी वेगळं सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. होडीत पाच-सहा तास शौचालय नसतं. म्हणून पाणी पिणं टाळू नका, उन्हाने आजारी पडाल. आधीच मार्गदर्शकांशी मोकळं बोलून मधे उतरायची जागा ठरवून घ्या, काठावरच्या घरांतल्या मावश्या आनंदाने मदत करतात. पाळीच्या दिवसांत चिखलातलं काम दुसऱ्याकडे देऊन नोंदी आपल्याकडे घेतल्या तर त्यात कमीपणा नाही.

बरंचसं कांदळवन वनखात्याच्या ताब्यात आहे आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत ते सर्वांत संरक्षित गटात येतं. फांदी तोडणं तर दूरच, अभयारण्यात नुसतं नमुने घ्यायलाही लेखी परवानगी लागते. संस्थेने ती काढली आहे का ते पाहा आणि तिची प्रत जवळ ठेवा. शंख, खेकडे आठवण म्हणून घरी आणू नका.

गावात

काम ज्या होडीतून होणार, त्या होडीवाल्या काकांना खाडी तुमच्या मार्गदर्शकांपेक्षाही जास्त दिवसांपासून माहीत असते. गाळ कुठे वाढला, तिसऱ्या कुठे मिळेनाशा झाल्या, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) कुठल्या बाजूला दिसतात, हे ते सांगतात. पण ते तुमच्या प्रश्नावलीतून मिळत नाही. मावशी कालवं फोडत बसल्या असतील तिथे शेजारी बसा, त्यांचं काम अडवू नका. रायगडात ज्या खेकड्याला चिंबोरी म्हणतात त्याला सिंधुदुर्गात कुर्ली म्हणतात, हेही टिपून ठेवा, नाहीतर एकच प्राणी दोन नावांनी वहीत येईल. फोटो विचारून काढा. आणि कारखान्याच्या पाण्याबद्दल कुणी विश्वासाने काही बोललं, तर त्याचं नाव तुमच्या अहवालात येता कामा नये.

शेवटचे पंधरा दिवस

आकडे रोज रात्री संगणकावर चढवा आणि वहीच्या पानाचा फोटो काढून दुसऱ्या कुणाला पाठवा. अहवाल लहान असू द्या: प्रश्न काय होता, कसं मोजलं, काय दिसलं, आणि कोणत्या गोष्टी सहा आठवड्यांत कळणं शक्य नव्हतं. फसलेले दिवसही लिहा, पुढच्या वर्षी त्या खाडीत येणाऱ्याला त्यांचाच उपयोग होतो.

मग त्याच कामाची चार पानं मराठीत करा. नकाशा मोठा, आलेख एक-दोनच, आणि ती घेऊन गावात परत जा. जूनमध्ये मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत घरीच सापडतात. नकाशा पसरला की चार जण जमतात आणि तुमच्या नोंदीत एखाद्या जागेचं नाव किंवा बंधाऱ्याचं वर्ष चुकलं असेल तर लगेच सांगतात. ती चूक अहवाल सादर करण्याआधी दुरुस्त करता यायला हवी, म्हणून ही फेरी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.